डासांचें पीक व त्याचा धनी

पेरण्या आटोपून कोळपणी-खुरपणीचे दिवस आले कीं खेडोपाडीं तापाची साथ सुरू होते, हें आतां दरसालचें झालें आहे. घरांत कोणी तापानें पडलें म्हणजे "पेशी किती?" हा पहिला प्रश्न, व "कोणत्या दवाखान्यांत नेलें?" हा दुसरा; परंतु "डास कोठें झाला?" असें विचारणारा मनुष्य आमच्या पाहण्यांत फारसा आलेला नाहीं. कपाशीवर बोंडअळी पडली तर तिचा पतंग केव्हां आला, अंडीं कोठें घातलीं, कोष कोठें दडले ह्याची चौकशी आपण बारकाईनें करितों. तीच बुद्धि घरच्या किडीच्या बाबतींत मात्र आपण खुंटीला टांगून ठेवितों व ग्रामपंचायतीच्या नांवानें बोटें मोडून मोकळे होतों. ह्या विषयावर आम्हांस जें म्हणावयाचें आहे तें कांहीं वाचकांस कडू लागेल. तथापि तें म्हणणें प्राप्त आहे.

डास म्हणजे गटारांतला, रात्रींचा आणि शहरांतला प्राणी, अशी आपली जुनी समजूत आहे. ती सर्वस्वीं खोटी नाहीं. पण ती दुसऱ्या डासांविषयीं आहे. हिंवताप पसरविणारा डास ॲनॉफिलीस. त्याच्या पोटांत हिंवतापाचे जंतु रोनाल्ड रॉस ह्यानें सिकंदराबाद येथें २० ऑगस्ट १८९७ रोजीं पाहिले. घाणेरड्या गटारांत व संडासाच्या टाक्यांत वाढून हत्तीरोग पसरवितो तो क्युलेक्स. हे दोघे रात्रींचे चोर होत. डेंग्यू, चिकनगुनिया व झिका हे विषाणूंचे ताप ज्याच्या दंशानें होतात तो एडिस हा तिसराच. अंगानें काळा, पायांवर व पाठीवर पांढरे पट्टे, उडण्यांत फारसा आवाज नाहीं, आणि चावतो तो दिवसां. विशेषतः सूर्योदयानंतरच्या दोन-तीन तासांत आणि सूर्यास्तापूर्वी. म्हणजे मजूर शेताकडे निघतात ती वेळ, व गोठ्यांत धारा काढून आपण ओट्यावर टेकतों ती वेळ. ह्याला गटाराची आवड नाहीं. ह्याची मादी अंडीं घालते तीं स्वच्छ, साचलेल्या, सावलींतल्या पाण्याच्या कडेला, आणि तेंही बहुधा माणसानें ठेवलेल्या भांड्यांत. जन्मस्थानापासून ती साधारणतः शे-दोनशे मीटरांपलीकडे जात नाहीं. ह्याचा अर्थ असा कीं, ज्या घरीं डेंग्यू झाला त्या घरच्या अंगणांत, नाहीं तर शेजारच्या अंगणांत त्या डासाचा जन्म झालेला असण्याचा संभव फार मोठा.

शहराचा रोग म्हणून ह्याकडे पाहणारांसाठीं एवढेंच सांगतों कीं, महाराष्ट्रांतील झिकाचा पहिला रुग्ण जुलै २०२१ मध्यें सांपडला तो मुंबईस नव्हे, तर पुरंदर तालुक्यांतील बेलसर ह्या गांवीं. चिकनगुनियाची मोठी साथ १९७३ सालीं आली ती बार्शीस. त्यानंतर तीस-बत्तीस वर्षें हा रोग देशांतून जणूं नाहींसा झाला होता, आणि २००६ सालीं परतला तेव्हां त्या एका वर्षांत देशभर सुमारें चौदा लक्ष संशयित रुग्णांची नोंद झाली. त्या सालीं ज्यांच्या घरीं हा पाहुणा येऊन गेला त्यांस अधिक सांगावयास नको. चिकनगुनिया हें नांवच आफ्रिकेंतील मकोंदे लोकांच्या भाषेंतील आहे. १९५२ सालीं टांगानिकांत, म्हणजे हल्लींच्या टांझानियांत, हा रोग प्रथम ओळखला गेला, व ज्यायोगें मनुष्य वाकून जातो तो, असा त्या नांवाचा भाव आहे. हा ताप सहसा जीव घेत नाहीं. परंतु बोटांचे, मनगटांचे व घोट्यांचे सांधे महिनोगणती धरून ठेवितो. खुरपें धरतां येत नाहीं, धार काढतां येत नाहीं, सकाळीं अंथरुणावरून उठतांना भिंतीचा आधार घ्यावा लागतो. ऐन खुरपणींत किंवा द्राक्षाच्या ऑक्टोबर छाटणींत घरचीं चार माणसें अशीं आडवीं झालीं तर त्या हंगामाचें काय होतें, ह्याचा हिशेब कोणत्याही सरकारी तक्त्यांत सांपडत नाहीं. तो सोसायटीच्या थकबाकीच्या वहींत सांपडतो.

आतां हें पीक येतें कोठें तें पाहूं. कोणत्याही मध्यम बागाईतदाराच्या वस्तीवर सकाळीं अर्धा तास फिरावें. विहिरीजवळ फवारणीचें औषध कालविण्यासाठीं भरून ठेवलेलें दोनशे लिटरचें पिंप असतें. फवारणी आठ-दहा दिवसांनीं एकदां, तोंवर पिंप उघडें. गोठ्यापुढें जनावरांचा हाळ असतो. त्यांत पाणी रोज पडतें खरें, पण वरचें पितात व वरच भरतात, तळ महिनोन् महिने हलत नाहीं. मुरघासावरील ताडपत्री दाबण्यास व छपराचे पत्रे उडूं नयेत म्हणून जुने टायर ठेवलेले असतात. टायराइतकें डासाच्या मादीस सोयीचें घर दुसरें नाहीं. आंत काळोख, पाणी उपसून टाकणें अवघड, आणि कोणाचें लक्ष नाहीं. कांद्याच्या चाळीवरील प्लॅस्टिकच्या झोळांत पाणी साचलेलें असतें. पडक्या भिंतीशीं फुटका माठ, रंगाचा डबा, मोडकें कुंड, कोंबड्यांच्या पाण्याचें भांडें. घराच्या गच्चीवर सिमेंटची टाकी, तिचें झाकण दोन वर्षांपूर्वीच्या वादळांत गेलेलें. कोंकणांत व गोव्यांत ह्यांत नारळाच्या करवंट्या आणि पोफळीच्या गळून पडलेल्या विऱ्या ह्यांची भर पडते. आणि जेथें रबराची लागवड आहे तेथें झाडांना बांधलेल्या चिकाच्या वाट्या पावसाळ्यांत उपड्या केल्या नाहींत तर त्याच डासाचा एक भाऊबंद त्यांत वाढतो, हा केरळांतील बागाईतदारांचा अनुभव आहे. ह्यांपैकीं एकही वस्तु ग्रामपंचायतीच्या मालकीची नाहीं. प्रत्येकीचा धनी सातबाऱ्यावर आहे.

अंड्यापासून उडता डास होण्यास आपल्या पावसाळी हवेंत सात ते दहा दिवस पुरतात. आतां ह्या आंकड्याशेजारीं नळाचें पाणी किती दिवसांनीं येतें तो आंकडा ठेवून पाहावा. रोज किंवा दिवसाआड पाणी येतें त्या गांवीं लोक सांठा थोडा करितात व भांडीं वरचेवर रितीं होतात. जेथें आठव्या-दहाव्या दिवशीं पाणी सुटतें, किंवा टँकरची वाट पाहावी लागते, तेथें घरांतील रांजण, पिंपें, हौद व घागरीसुद्धां भरून ठेविल्यावांचून बाईमाणसाचा जीव स्वस्थ राहात नाहीं. भांडें पूर्ण रितें होण्यापूर्वीच नवें पाणी त्यांत पडतें. मादीनें घातलेलीं अंडीं पाण्याच्या रेषेच्या किंचित् वर भांड्याच्या भिंतीला चिकटलेलीं असतात. पाणी आटलें तरी तीं महिनोगणती कोरडीं जिवंत राहतात, आणि पाणी चढलें कीं उबतात. म्हणून अवर्षणाच्या मुलखांत डेंग्यू व्हावा ह्यांत आश्चर्य कांहींच नाहीं. पाऊस कमी तर डास कमी, हा हिशेब एडिसला लागू पडत नाहीं. टंचाईच त्याला पोसते. यास्तव आम्ही असें म्हणतों कीं, आठवड्यांत एकदां भरपूर पाणी देण्यापेक्षां थोडें पण दिवसाआड देणें हें साथ आवरण्याचें कोणत्याही फवाऱ्याहून मोठें साधन आहे, आणि ग्रामसभेंत भांडावयाचेंच तर ह्या मागणीसाठीं भांडावें.

परंतु ग्रामसभेंत मागणी होते ती धुराच्या यंत्राची. साथ आली कीं यंत्र येतें, गल्लींतून पांढरा लोट जातो, मुलें त्यामागें धांवतात, आणि सर्वांस समाधान वाटतें. ह्या धुरानें त्या वेळीं बाहेर उडत असलेले कांहीं डास मरतात, हें खरें. साथ भडकली असतां रुग्णाच्या घराभोंवतीं त्याचा उपयोग आहे, हेंही खरें. पण एडिस बसतो तो घरांत; पलंगाखालीं, टांगलेल्या कपड्यांमागें, काळोख्या कोपऱ्यांत. धूर येतो हें पाहून आपण दारें-खिडक्या लावून घेतों, म्हणजे त्याला आपणच आसरा देतों! शिवाय पिंपांतील अळ्यांस धुराचा स्पर्शही होत नाहीं. चार दिवसांनीं नवी फौज तयार. शेतांत उभें तण तसेंच ठेवून त्यावरील पांखरें हांकलण्यासारखा हा प्रकार आहे. दिसतो मात्र मोठा, आणि दिसणाऱ्या कामाला निधि लवकर मिळतो.

ह्याच डासाशीं माणसानें एकदां लढाई जिंकलेली आहे, तिची हकीकत आपल्या लोकांस ठाऊक असावयास पाहिजे. क्यूबांतील हवाना शहरीं पीतज्वरानें दीड शतक ठाण मांडलें होतें. कार्लोस फिनले ह्या तेथील वैद्यानें हा ताप डासांमुळें येतो असें १८८१ सालींच सांगितलें होतें. त्याची थट्टा झाली. १९०० सालीं वॉल्टर रीड ह्याच्या मंडळानें तें प्रयोगानें सिद्ध केलें. डास कोणता? हाच एडिस. त्यानंतर विल्यम गॉर्गस ह्या अधिकाऱ्यानें शहराचे विभाग पाडले, घरोघर तपासनीस पाठविले, पाण्याच्या टाक्या झांकविल्या, उघड्या पाण्यावर तेल टाकविलें, आणि ज्याच्या घरीं अळ्या सांपडल्या त्यास दंड केला. तेव्हां पीतज्वरावर लस नव्हती, औषध नव्हतें, आजचीं कीटकनाशकेंही नव्हतीं. १९०१ साल संपण्यापूर्वीं हवानांतून तो रोग गेला. पुढें दक्षिण अमेरिकेंतील अनेक देशांनीं ह्याच रीतीनें एडिस जवळ जवळ निर्मूळ केला. मात्र तपासणी ढिली पडतांच तो फिरून आला. दंडाची गोष्ट आपल्या लोकांस रुचणार नाहीं हें आम्ही जाणतों. आमच्या मतें खेड्यांत तिची जरूरीही नाहीं; पण तपासणीची आहे.

नव्या शास्त्रीय उपायांचे आम्ही विरोधी नाहीं. इंडोनेशियांतील योग्याकार्ता येथें वोल्बाखिया नांवाचा सूक्ष्मजंतु ज्यांच्या शरीरांत भरला आहे असे डास मुद्दाम सोडले, आणि त्या भागांत डेंग्यू ७७ टक्क्यांनीं घटला, असें २०२१ सालीं प्रसिद्ध झालें. तें काम संशोधकांचें व सरकारचें. पिंपाचें झाकण लावण्यास त्यांपैकीं कोणाची वाट पाहण्याचें कारण नाहीं.

भातकरी बंधूंची गोष्ट निराळी आहे आणि ती ह्याहून गंभीर आहे. जपानी मेंदूज्वर ह्या रोगाचा विषाणु एडिस नव्हे, तर भातखाचरांत वाढणारा एका जातीचा क्युलेक्स डास पसरवितो. हा विषाणु मुळांत बगळ्यांसारख्या पाणपक्ष्यांत असतो, डुकरांत तो फार झपाट्यानें वाढतो, आणि तेथून डासामार्गें माणसाकडे येतो. आपल्या देशांत तो प्रथम १९५५ सालीं वेल्लोरकडे ओळखला गेला. २००५ सालीं गोरखपुराकडील भागांत त्यानें शेंकडों लेंकरें नेलीं, आणि त्यानंतर २००६ पासून बाधित जिल्ह्यांतून मुलांस लस टोंचण्यास आरंभ झाला. पूर्व विदर्भांतील भाताच्या पट्ट्यांतही ह्याचे रुग्ण सांपडतात. येथें भांडीं रितीं करून भागत नाहीं; खाचर रितें कोण करील? तथापि जेथें पाणी हातांतलें आहे तेथें, फुलोऱ्याचे दिवस वगळून, मधून मधून कांहीं दिवस खाचरांतील पाणी जमिनीखालीं उतरूं द्यावें. पाणीही वांचतें आणि अळ्याही मरतात. डुकरांचे वाडे राहत्या वस्तीपासून दूर असावेत. हा डास सांजेपासून रात्रीं चावतो, म्हणून मच्छरदाणी येथें खरी उपयोगी. आणि लसीविषयीं चालढकल करूं नये: बाधित जिल्ह्यांतून मुलास नऊ महिने पुरे झाल्यावर पहिली व सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान दुसरी मात्रा सरकारी दवाखान्यांत मोफत मिळते. बैलाला फऱ्या-घटसर्पाची लस न चुकतां टोंचून घेणाऱ्या घरांत मुलाची दुसरी मात्रा राहून गेलेली आम्ही पाहिली आहे. ह्याहून अधिक लिहवत नाहीं.

रोग झाल्यावर काय करावें हें डॉक्टरानें सांगावयाचें. तरी चार गोष्टी प्रत्येक घरीं ठाऊक असाव्यात. डेंग्यूच्या विषाणूस मारणारें खास औषध नाहीं. विसांवा, भरपूर पातळ पदार्थ, व तापासाठीं पॅरासिटामॉल हाच उपचार. अंग दुखतें म्हणून अ‍ॅस्पिरिन, आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक असल्या गोळ्या किंवा सुई घेणें ह्या तापांत घातक आहे, कारण त्यांनीं रक्तस्राव वाढतो. आणि आपल्याकडे तर "एक सुई मारा, उद्यां फवारणी आहे" असें सांगणारेच फार. दुसरें, ताप उतरला म्हणजे दुखणें संपलें असें समजूं नये. तिसऱ्यापासून सातव्या दिवसापर्यंत, ताप उतरतो त्याच सुमारास खरा धोका असतो: पोटांत तीव्र दुखणें, वारंवार उलट्या, हिरड्यांतून किंवा नाकांतून रक्त, हातपाय गार पडणें, मनुष्य सुस्त होणें, लघवी कमी होणें. ह्यांपैकीं कांहीं दिसतांच रात्र असो कीं दिवस असो, दवाखाना गांठावा. डेंग्यूचे विषाणु चार प्रकारचे आहेत. एकदां झाला म्हणून पुनः होत नाहीं असें नाहीं, उलट दुसऱ्या प्रकाराचा दुसऱ्यांदा झालेला ताप अधिक वाईट असूं शकतो.

पेशींविषयीं थोडें स्पष्ट लिहितों. पेशींचा आंकडा खालीं आला कीं घरचे लोक घाबरतात. कोणी पपईच्या पानांचा रस आणतो, कोणी शेळीचें दूध. शेळीचें दूध पिण्यास आमची हरकत नाहीं, पण त्यानें डेंग्यू बरा होतो ह्यास आधार नाहीं, आणि पपईच्या पानांविषयींचा पुरावाही भरंवसा ठेवण्याजोगा नाहीं. रक्तस्राव नसतां, आंकडा दहा हजारांच्या खालीं गेल्याशिवाय केवळ कागद पाहून पेशी चढविण्याची सामान्यतः जरूरी नसते, असेंच वैद्यकीय मार्गदर्शन आहे. मनुष्य वांचतो तो वेळेवर व मापानें दिलेल्या पाण्यानें. हें ठाऊक नसल्यामुळें सोनें गहाण पडलेलीं घरें प्रत्येक तालुक्यांत आहेत. डॉक्टरास विचारण्यांत संकोच कसला? बियाण्याची पिशवी घेतांना आपण दहा प्रश्न विचारतोंच ना!

आणखी एक गोष्ट, जी फार थोडे पाळतात. रुग्ण तापाच्या पहिल्या पांच दिवसांत दिवसासुद्धां मच्छरदाणींत निजला पाहिजे. त्याच्यासाठीं नव्हे, इतरांसाठीं. त्या दिवसांत त्याचें रक्त प्यालेला डास आठ-बारा दिवसांनीं स्वतः विषारी होतो व मरेपर्यंत तसाच राहतो. गरोदर स्त्रियांनीं तर पावसाळाभर दिवसां अंग झांकून असावें, कारण झिकाच्या विषाणूनें पोटांतील गर्भाच्या मेंदूची वाढ खुंटूं शकते.

आतां कामाचें. गांवच्या आठवडे बाजाराचा दिवस हाच पाण्याच्या भांड्यांचा कोरडा दिवस ठरवावा, असें आम्ही आमच्या सभासदांस सुचवितों. बाजारचा दिवस कोणी विसरत नाहीं आणि त्या दिवशीं शेतावरचें काम सैल असतें. सकाळीं पिंपें, रांजण, हाळ रिते करून काथ्यानें किंवा ब्रशानें आंतून घांसावेत. नुसतें ओतून देऊं नये, कारण अंडीं भिंतीला असतात. पाण्याची टंचाई असेल तर तें पाणी जमिनीवर सांडावें असें मुळींच नाहीं. फडक्यांतून गाळून दुसऱ्या भांड्यांत घ्यावें, अळ्या फडक्यावर राहतात, आणि भांडें घांसून पाणी परत ओतावें. रितें करतां येत नाहीं अशा मोठ्या टाकीला झाकण, झाकण नसेल तर दुहेरी फडकें घट्ट बांधावें. हौदांत व वापरांत नसलेल्या विहिरींत गप्पी मासे सोडावेत. ते आरोग्य केंद्रांतून मागतां येतात. मात्र ओढ्या-नद्यांत हे परके मासे सोडूं नयेत, तेथील मूळच्या माशांचें त्यांनीं नुकसान होतें. टायरांना भोंकें पाडावीं किंवा ते मातीनें भरावेत. संडासाच्या टाकीच्या हवेच्या नळीला जाळी बांधावी. हें सर्व मिळून एका घरास अर्ध्या-पाऊण तासाचें काम आहे.

एकट्यानें केल्यास मात्र फळ थोडें. शेजाऱ्याचा टायर शंभर पावलांवरच असतो. म्हणून दहा-दहा घरांचा एक गट करून शाळेंतील वरच्या वर्गांतील मुलांनीं आठवड्यास विजेरी घेऊन तपासणी करावी, व कोणाच्या भांड्यांत अळ्या निघाल्या तें चावडीच्या फळ्यावर लिहावें. दंडापेक्षां फळ्याचा धाक आपल्या गांवांत अधिक आहे, असा आमचा अनुभव आहे.

राहतां राहिला प्रश्न सालदारांचा व ऊसतोडणीच्या टोळ्यांचा. दसरा-दिवाळीच्या सुमारास टोळ्या उतरतात. कोप्या पडतात त्या फडाच्या कडेला, आणि पाणी सांठवावयास मिळतें तें कोणाचें तरी टाकून दिलेलें उघडें पिंप. तीं माणसें दिवस उगवण्यापूर्वीं फडांत जातात; पिंप घांसा हें त्यांस सांगण्याचा अधिकार आपणांस तेव्हांच, जेव्हां पिंपाचें झाकण आपण दिलेलें असेल. ज्याच्या फडांत टोळी उतरली त्यानें दर कोपीस झाकणाचें एक पिंप आणि लहान लेंकरांसाठीं एक मच्छरदाणी द्यावी, व तो खर्च तोडणीच्या खर्चांत धरावा, असा ठराव येत्या वार्षिक सभेंत आम्ही मांडणार आहों. ज्या सभासदांस तो अमान्य असेल त्यांनीं आपलीं कारणें पुढील अंकासाठीं अवश्य लिहून पाठवावीं. तीं जशींच्या तशीं छापूं.